म्हातारा म्हणजे कोण?

दादाला पोलिसांनी भर वर्गातून उठवलं, पण गावाबाहेर नेलं नाही. शाळेतच शिक्षकांच्या खोलीत बसवून ठेवलं आणि मुलांना घरी पिटाळलं. मी तेव्हा बंदरावरच्या शेडमध्ये बायकांबरोबर मासळी निवडत होते. डिसेंबरात ढग गडगडायला लागले की हाताहाता मासा अंडी घालायला काठाशी येतो, आणि मग कुरोइवा गावात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. तरी त्या दिवशी सगळ्यांनी मान वर केली, कारण मुलं बर्फातून ओरडतच आली.

“नाराओका गुरुजींना धरलं! शहरातला साहेब आलाय!”

मी कमरेचा फडका न सोडता तशीच निघाले. मागून पावलं वाजली म्हणून वळून पाहिलं तर इसोकाकू. हात अजून अंड्यांनी चिकट.

“तू कशाला येतेस, काकू?”

“माझ्यापायीच धरलं त्याला,” ती म्हणाली. “चल, बोलत नको बसू.”

ते खरंच होतं.

दादा म्हणजे किहेइ नाराओका, माझा थोरला भाऊ. शाळेत खालच्या वर्गांना शिकवायचा आणि कविता करायचा, त्याही आमच्या बोलीत. तोक्योच्या माणसाला आमची बोली ऐकवली तर तो आधी हसतो आणि मग विचारतो, हे जपानीच आहे ना? दादाच्या चार-दोन कविता आओमोरीच्या एका मासिकात छापून आल्या होत्या. मग युद्ध लागलं, कागद मिळेनासा झाला, मासिक बंद पडलं. तेव्हापासून तो लिहीतच नसे. मनात जुळवायचा आणि कुणी समोर असेल त्याला म्हणून दाखवायचा, बहुधा मला, जाळं विणताना.

शाळेचे मुख्याध्यापक कासाई यांना या बोलीचा भारी तिटकारा. स्वतः शेजारच्याच गावचे, पण जीभ अशी घासूनपुसून स्वच्छ केलेली की रेडिओवरचा माणूस बोलतोय असं वाटावं. मूल बोलीत बोललं की त्याच्या गळ्यात ते लाकडी पाटी अडकवायचे. एकदा दादा तीच पाटी स्वतःच्या गळ्यात घालून त्यांच्या पुढ्यात उभा राहिला. “मीबी वर्गात बोलीत बोललो, मुख्याध्यापक. तुमच्या तोंडून बोलीतला एखादा शब्द निसटंपर्यंत ही माझ्याच गळ्यात ऱ्हाईल.” सगळी शाळा हसली. त्यानंतर कामापलीकडे दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

इसोकाकूला तीन मुलगे. थोरला मासाकिची चीनमध्ये लढताना पडला. त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी मधला सेइजीही पडला, कुठल्याशा दक्षिणेच्या बेटावर. अस्थींची म्हणून पांढऱ्या कापडात गुंडाळलेली पेटी आली. काकूने ती कानाशी धरून हलवली. आत काहीतरी खडखडलं. उघडली तर एक दगड. समुद्रकाठी पायाखाली येतो तसला साधा दगड.

देवळात मोठा समारंभ झाला. सरपंचांनी काकूला देशाची माता म्हटलं. सगळ्यांच्या देखत रडायचं नाही, असं तिला आधीच बजावलेलं, त्यामुळे ती पेटी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. मग सरपंच म्हणाले, सेइजीच्या गुरुजींनी दोन शब्द बोलावेत. दादा उठला. त्याने शब्द बोलले नाहीत, कविता म्हटली, बोलीत, काकू जशी बोलते तशी.

*म्हाताऱ्या, थोरला मागितलास, दिला.*
*मधला मागितलास, दिला.*
*चुलीपाशी बसून भात मातर कदी मागितला न्हाईस.*
*आता धाकल्याचं नाव घेऊन दार खडखडावतोस.*
*घरात कुनी न्हाई रं.*
*मी हाय, माझी जुनी हाडं हाईत.*
*चालत असली तर तीच ने.*

सरपंचांनी खाकरून पुढचा कार्यक्रम सुरू केला. पण काकूचे खांदे हलायला लागले होते, आणि तिला कुणी थांबवलं नाही.

हिवाळ्यात वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याला आमच्याकडे म्हातारा म्हणतात. तो सुटला की होड्या बाहेर पडत नाहीत, आणि पडल्या तर सगळ्या परत येतील याचा भरवसा नसतो. पण देवळात बसलेल्या एकालाही वाटलं नाही की दादा वाऱ्याबद्दल बोलतोय.

ती कविता आमच्या बायकांच्या तोंडी बसली. जाळं ओढताना ताल धरायला बरी पडे. दादाने सांगितलं, शेडच्या बाहेर म्हणू नका. पण सैन्यात निघालेल्या पोरांना निरोप द्यायला आम्ही स्टेशनवर गेलो, गाडी हलली, झेंडे हलले आणि कुणीतरी हळूच “म्हाताऱ्या, थोरला मागितलास” सुरू केलं. बघता बघता सगळा फलाट तेच म्हणत होता. गाडीत बाहेरगावची माणसंही होती.

शाळेत पोचलो तर दारात गावचा हवालदार उभा होता. आमच्याकडे बघायचं टाळून म्हणाला, “आत जा. साहेबांनी बोलावलंच आहे.”

साहेबांचं नाव सेगावा. तोक्योचे, बदली होऊन आओमोरीला आलेले, माणसांच्या डोक्यात काय चाललंय यावर नजर ठेवणाऱ्या खात्यातले. अंगाने किरकोळ, आवाज मऊ. थंडीने बोटं सुजली होती, ती शेगडीवर धरून बसले होते. समोर दादा, पाठ भिंतीला लावून. आमच्या घराची झडती आधीच झाली होती. सापडणार काय? कागदावर काही नव्हतंच.

“दार उघडंच राहू द्या,” सेगावा म्हणाले. “सगळ्यांना ऐकू येऊ दे. लपवण्यासारखं काय आहे?”

एव्हाना शेडमधल्या बायका व्हरांड्यात जमल्या होत्या. देवळाचे पुजारीही होते. साहेबांनी एकेकाला आत बोलावलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. म्हातारा म्हणजे कोण?

आमचं काही ठरलेलं नव्हतं. ठरवायला वेळच कुठे होता? पण पुजारी म्हणाले, वारा. होडीवाला मात्सुगोरो म्हणाला, वारा, आनि दुसरं कोन? मग माझी पाळी आली.

“तुम्ही त्याची बहीण.”

“व्हय, साहेब.”

“शुद्ध बोलता येत नाही?”

“येतं थोडं.”

“मग शुद्ध भाषेत सांगा. तुमच्या भावाच्या कवितेतला म्हातारा कोण?”

“वारा आहे, साहेब. वायव्येचा.”

“वारा पोरांचं नाव घेतो?”

“घेतो. समुद्रावर जिचं माणूस आहे त्या बाईला विचारा.”

ते हसले. ते हसणं मला आवडलं नाही. दादाकडे बघायचा धीर मला झाला नाही.

मग त्यांनी कासाईंना बोलावलं. गावात दादाचं वाईट चिंतणारा कोण असेल तर हा एकच माणूस, आणि बोलीचं भाषांतर करायला साहेबांनी त्यालाच नेमलं होतं. कासाईंनी कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. ते गुडघे टेकून ताठ बसले.

“मुख्याध्यापक, तुम्ही इथलेच आणि शिकलेले. तुमच्या शब्दावर मी विश्वास ठेवीन. ही कविता मला शुद्ध भाषेत सांगा.”

कासाईंनी ओळीमागून ओळ सांगितली, एकही शब्द न गाळता. फक्त पहिल्या ओळीत ते म्हणाले, “हे वायव्येच्या वाऱ्या.”

व्हरांड्यात कुणीतरी श्वास सोडला, तो सगळ्यांना ऐकू आला.

“नक्की?” सेगावांनी विचारलं.

“कोळ्यांच्या बायका वाऱ्याशी असंच बोलतात, साहेब. तो चूल-भात वगैरे गावंढळपणा आहे, गुन्हा नाही. हा गावंढळपणा घालवायला मी उभं आयुष्य खर्ची घातलं. जमलं नाही, ही माझी नामुष्की. पण कवितेतला म्हातारा वाराच आहे.”

“लिहून द्याल?”

“देतो.”

त्यांनी तिथेच दोन ओळी लिहिल्या आणि खिशातून शिक्का काढून खाली उमटवला. दादा त्यांच्याकडे एकटक बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा बघत असल्यासारखा.

मला वाटलं, सुटलो.

सेगावांनी तो कागद वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, “आता त्या आईला बोलवा.”

इसोकाकू आत गेली. फडक्याने हात पुसत पुसतच बसली.

“तुमचे यजमान समुद्रात गेले का?”

“न्हाई, साहेब. खोकल्यानं गेले. घरात, आंथरुनावर.”

“मुलांपैकी कुणी बुडालं?”

“न्हाई.”

“म्हणजे वाऱ्याने तुमच्या घरातून कुणालाच नेलेलं नाही.”

साहेबांचा रोख कुठे आहे हे काकूला कळलं, आम्हालाही कळलं, पण उशीर झाला होता.

“मग थोरला कोण आणि मधला कोण?”

“कवितेतली बाई दुसरी हाय, साहेब,” काकू शेवटी म्हणाली. “गुरुजींनी मनानं केलेली. माझा काय संबंध?”

“असं होय?” सेगावांनी शेगडीतला निखारा चिमट्याने सरकवला. “मग काहीच अडचण नाही. या दारात उभ्या राहा आणि बाहेरच्या बायकांना मोठ्याने सांगा. माझे दोन मुलगे देशाने मागितले, मी ते आनंदाने दिले. मला दुःख नाही. ही कविता माझी नाही. तिसरा मागितला तर तोही हसत देईन. एवढं म्हणा. मुख्याध्यापकांचा हा कागद घेऊन मी संध्याकाळच्या गाडीने परत जातो, आणि तुमचे गुरुजी उद्या वर्गावर.”

ती उठली. दारापाशी आली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. धाकटा योसाकु तेव्हा अजून सैन्याच्या वयाला पुरता आला नव्हता. तो बंदरावर होता, देवाची कृपा.

“माझे दोन ल्योक,” काकूने सुरुवात केली. आवाज खणखणीत होता. “देशानं मागितले.”

ती थांबली. बायका खाली बघत होत्या.

“मी त्ये आनंदानं…”

तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला तिने तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, म्हण काकू, म्हणून टाक, एवढं एकदाच.

“पुरे.”

दादा उभा राहिला होता. आणि आयुष्यभर ज्याने घरात काय, वर्गात काय, बोली सोडली नाही, तो स्वच्छ शुद्ध भाषेत बोलला. कुणी भाषांतर करायची गरज राहू नये म्हणूनच, असं मला नंतर वाटलं.

“कविता हिचीच आहे. मी फक्त जुळवली. आणि म्हातारा म्हणजे वारा नाही.”

“मग कोण?” सेगावा आता हसत नव्हते.

“घरोघर लाल कागद पाठवून जो पोरं मागतो, तो.”

लाल कागद म्हणजे सम्राटाच्या नावाने येणारा, सैन्यात हजर व्हायचा हुकूम. कासाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचा शिक्का मारलेला कागद सेगावांनी हळूच उचलला, त्याची नीट घडी केली आणि तो आतल्या खिशात ठेवला. दादाच्या ध्यानात ते त्या क्षणी आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं.

“गप, मेल्या!” इसोकाकू गर्रकन वळून दादावर ओरडली. “मी बोलत व्हते न्हवं?”

पण दोऱ्या आणल्या गेल्या होत्या. त्याला संध्याकाळच्याच गाडीने नेलं. हवालदार माझ्या जवळून जाताना पुटपुटला, “चांगला निघाला होता की यातून. काय अवदसा आठवली?”

कासाईंना महिन्याच्या आत मुख्याध्यापकपदावरून काढलं आणि दूर डोंगरातल्या एका लहानशा शाळेवर पाठवलं. खोटं लिहून दिल्याबद्दल तुरुंग चुकला, एवढंच. पुजाऱ्यांना चौकशीसाठी आओमोरीला खेपा घालाव्या लागल्या. मला शेडमध्ये काम देईनात. मालकही घाबरला होता, त्याला तरी काय बोलणार? मी सुकवलेल्या मुळ्याच्या पानांवर आणि शेजाऱ्यांनी न बोलता दारात ठेवलेल्या बटाट्यांवर दिवस काढले. दादाला भेटायला परवानगी दोनदाच मिळाली. दुसऱ्या वेळी त्याला उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं.

पुढच्या वर्षी योसाकुला लाल कागद आला. काकू त्याच्याबरोबर स्टेशनपर्यंत गेली. त्या दिवशी फलाटावर कुणी काही म्हटलं नाही. काकू माझ्याशीही बोलत नसे. समोरून आली की दुसरीकडे बघायची.

युद्ध संपलं त्या वर्षीच्या ऑक्टोबरात दादासारख्या सगळ्यांना सोडून दिलं. तो स्टेशनवरून एकटा चालत आला. मी ओळखलं ते चालण्यावरून, चेहऱ्यावरून नाही. पुढचे दात पडलेले, वजन एखाद्या पोराएवढं. मी त्याला पेज भरवली. तो झोपायचा, उठायचा, समुद्राकडे बघत बसायचा.

आठवडाभराने इसोकाकू आली. हातात मिठात मुरलेला मुळा. तो माझ्याकडे दिला आणि दादासमोर बसली.

“दात कुटं गेले?”

“तितंच ऱ्हायले, काकू.”

“बरं झालं. तोंड जरा आवरंल.”

दादा हसला. ती हसली नाही.

“मला येक सांग, किहेइ. तुला कुनी इचारलं व्हतं मधी बोलायला?”

“तुझ्या तोंडून त्ये ऐकवंना मला.”

“ऐकवंना! मग कान झाकायचे. मी म्हननार व्हते. ‘आनंदानं दिले’ म्हनले असते. शब्द त्ये, तोंडातून गेले की गेले. माझ्या पोटात काय हाय, त्ये कुनी काडून नेनार व्हतं का? जरा येळ लागत व्हता, येवडंच. म्हातारीला येळ लागतो.” तिचा आवाज चढला. “आमी सगळ्यांनी तुझ्यासाठी खोटं सांगितलं. भटजीनं सांगितलं, तुझ्या भनीनं सांगितलं, त्या कासाईनं शिक्का मारून सांगितलं. तू येका वाक्यात आमा सगळ्यांना खोटं पाडलंस. तुझं खरं लई म्हाग, लेका. आमाला परवडत न्हाई.”

“कासाई कुटं हाईत?” दादाने विचारलं.

काकूने माझ्याकडे पाहिलं. “तू सांगितलं न्हाईस?”

मी मान हलवली. त्याला आधी थोडं अंग धरू दे, म्हणून मी थांबले होते.

“गेला,” काकू म्हणाली. “डोंगरात. गेल्या हिवाळ्यात, छातीत कफ भरून.”

दादा समुद्राकडे वळून बसला. मग म्हणाला, “काकू, त्या दिवशी तुला बोलू दिलं असतं तर मला परत कदी येक वळ जुळवता आली नसती.”

“मग नसती जुळवलीस,” ती म्हणाली. “कासाईची बायको त्याचा सदरा शिवत बसली असती आता.”

काकू उठून गेली, पण मुळा ठेवून गेली.

अंगात चालण्याची ताकद आल्यावर तो कासाईंच्या गावी गेला. त्यांच्या बायकोने दार उघडलं, कोण आहे ते पाहिलं आणि ओढून घेतलं. तो बंद दारासमोर वाकून परत आला. दर वर्षी पितरांच्या दिवसांत तो जात राहिला. शाळेत पुन्हा घ्यायला तयार होते तरी तो गेला नाही. मात्सुगोरोच्या होडीवर लागला आणि रात्रीच्या जेवणानंतर चुलीपाशी कविता जुळवू लागला. आता तो त्या लिहूनही ठेवायचा. त्या कवितांत माणसं मोठ्याने काही बोलत नाहीत. बायका मासे निवडतात, कुणी नावेला डांबर लावतं, कुणी दुसऱ्याचं ओझं न विचारता उचलतं. पुढे त्यांचं पुस्तक निघालं, तोक्योहून लोक आले, बोलीतला मोठा कवी म्हणाले. देवळातली ती कविता पुस्तकात का नाही, असं त्यांनी खोदून विचारलं. “ती माझी न्हाई,” एवढंच तो म्हणाला.

योसाकु रशियाच्या कैदेत होता; सैबेरियातून परतला तो शेवटच्या काही बोटींपैकी एकीने. काकू त्याला आणायला स्टेशनवर गेली तेव्हा तिने आम्हा दोघांनाही बरोबर नेलं. का नेलं, हे सांगितलं नाही. गाडीतून उतरलेला तो वाळकुडा माणूस तिने आधी अंगभर चाचपून पाहिला, मग रागाने विचारलं, “इतकी वर्सं काय खात व्हतास रं?” दादा लांब खांबाआड उभा होता. तिने त्याला हाक मारली. “हितं ये की. ह्येची वळकटी धर. ह्येच्यात काय जीव उरलाय?”

दादाने वळकटी खांद्यावर घेतली.

आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी की तिसऱ्या, पितरांच्या दिवसांतच, कासाईंच्या बायकोने दार उघडलं आणि ओढून घेतलं नाही. त्याला उंबऱ्याच्या आत बसवलं, समोर चहा ठेवला आणि म्हणाली, “प्या, आणि जा.” तो प्यायला आणि निघाला. घरी आल्यावर मला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“आनखी काय म्हनल्या त्या?”

“काय न्हाई,” दादा म्हणाला. “चा गरम व्हता.”